अतिशीत पाण्याचा सात वर्षांचा वाद

अगदी शुद्ध पाणी अलगद गार केले, तर शून्य अंशाखाली जाऊनही ते गोठत नाही. हेच अतिशीत पाणी. उणे ३८ अंशांच्या आसपास मात्र ते इतक्या झपाट्याने गोठते, की त्याखाली मोजमाप करणे महाकठीण. मग शास्त्रज्ञ रेणूंचे प्रारूप करून हे पाणी संगणकातच तपासतात. अशाच गणनेतून जीन स्टॅन्ली व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये एक अचाट कल्पना मांडली: इतक्या थंडीत पाण्याची द्रवरूपे दोन असावीत, एक दाट, एक विरळ.

बर्कलीचे डेव्हिड चँडलर आणि डेव्हिड लिमर यांनी २०११ मध्ये ती अमान्य केली. दुसरा द्रव म्हणून जो दिसतो, तो खरे तर स्फटिक होऊ लागलेला बर्फ, असे त्यांचे म्हणणे. प्रिन्स्टनच्या पाब्लो डेबेनेडेट्टी यांच्या गटाला मात्र दोन्ही द्रव दिसत होते. २०१४ मध्ये त्यांनी सहा वेगवेगळ्या पद्धतींनी गणना करून तेच दाखवले. पाण्याचे प्रारूप तेच, भौतिकीही तीच, तरी उत्तरे परस्परविरोधी! वाद चांगलाच कडवट झाला.

२०१८ मध्ये प्रिन्स्टनच्या गटाने कारण प्रसिद्ध केले. बर्कलीच्या प्रोग्रॅममध्ये रेणूंना नव्याने वेग देण्याच्या टप्प्यावर दोष होता. त्यामुळे रेणूंचे सरकणे एका तापमानाचे आणि गिरक्या घेणे दुसऱ्याच तापमानाचे, असे अशक्य पाणी तयार होत होते. पुस्तकात ‘वेग यादृच्छिक घ्यावेत’ एवढ्या एका वाक्यात संपणारी ही पायरी. पण ती प्रोग्रॅममध्ये उतरवताना बारीकसारीक निर्णय घ्यावे लागतात आणि शोधनिबंधात त्यांचा मागमूस नसतो. त्यातून असा प्रोग्रॅम बंद पडत नाही, शांतपणे आकडे देत राहतो; आणि खरे उत्तर कोणालाच ठाऊक नसल्याने ते आकडे खटकतही नाहीत.

यावरचा उपाय कष्टाचा आहे. घनपदार्थांची गणना करणाऱ्यांनी तो केला: २०१६ मध्ये ७१ मूलद्रव्यांचे स्फटिक घेऊन १५ प्रोग्रॅम आणि ४० पद्धतींची उत्तरे शेजारी शेजारी ठेवली. नव्या पद्धती एकमेकींशी उत्तम जुळल्या, काही जुन्या मागे पडल्या. पाण्याच्या बाबतीत दोषाचा छडा लागला तो प्रोग्रॅम दुसऱ्या गटाला तपासायला मिळाल्यावरच. म्हणून शोधनिबंध छापताना त्यामागचा प्रोग्रॅमही खुला करणे सक्तीचे हवे.