कोरलईचा टेहळणीचा डोंगर

बीड जिल्ह्यांतील उमापूर हें गांव समुद्रापासून पुष्कळ दूर. तेथील श्रोत्यांना बंदरावरच्या किल्ल्याची हकीकत सांगावयाची, याचें कारण असें कीं, सोळाव्या शतकांत बीडच्या मुलखावर ज्या अहमदनगरच्या निजामशाहीचा अंमल होता, तिनेंच कोंकणांतील एका डोंगरासाठीं पोर्तुगीजांशीं झुंज घेतली. तो डोंगर म्हणजे रायगड जिल्ह्यांतील कोरलई.

या डोंगराचें महत्त्व जाणावयाचें तर प्रथम खाडी पाहावी. कुंडलिका नदी समुद्राला मिळते तेथें उत्तरेस रेवदंडा व चौल, आणि दक्षिणेस समुद्रांत शिरलेला, अडीचशे फुटांहून उंच असा हा चिंचोळा डोंगर. खाडींत येणारें प्रत्येक जहाज त्याच्या नजरेखालून जावयाचें.

निजामशहानें 1521 मध्यें पोर्तुगीजांना रेवदंड्यास कोट बांधण्याची परवानगी दिली. पुढें बिनसलें. 1570-71 मध्यें मुर्तजा निजामशहानें कोटाला वेढा घातला. परंतु समुद्राची वाट मोकळी राहिल्यामुळें गोव्याहून कुमक येत गेली व वेढा फसला. यास्तव दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहानें खाडीच्या तोंडावरील या डोंगरावर तटबंदी केली. 1594 सालीं पोर्तुगीजांनीं हल्ला करून तीच हस्तगत केली. बंदर अडविण्यासाठीं उभारलेलें ठाणें बंदराचें राखणदार झालें.

आज दीपगृहाजवळून पायऱ्या चढून वर जातां येतें. आंतील जागा आडव्या भिंतींनीं विभागलेली आहे. शत्रूनें एक टप्पा घेतला तरी पुढचा लढवितां यावा, ही त्यामागील योजना. पावसाच्या पाण्याचें टाकें व पडक्या प्रार्थनामंदिराच्या भिंती पाहून माथ्यावर क्षणभर थांबावें. उत्तरेस माडांआड रेवदंड्याचा कोट दिसतो. खालीं खाडींत कोळ्यांच्या होड्या. वसईच्या मोहिमेनंतर 1740 च्या तहानें हा मुलूख मराठ्यांकडे आला. चौलचें वैभव मात्र परतलें नाहीं; खाडी गाळानें भरत गेली व व्यापार मुंबईकडे वळला.

पोर्तुगीज गेले, तरी त्यांच्या भाषेचा अंश मागें उरला. पायथ्याच्या कोरलई गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासांतून घडलेली बोली आजही घरांत बोलतात. तिला तीं ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. सुमारें पावणेतीनशे वर्षें तिला राजसत्तेचा आधार नाहीं. आईनें मुलाशीं बोलावें, एवढ्यावरच ती टिकली. ती बोलणारे आतां हजाराच्या आसपास आहेत.

म्हणून किल्ला पाहून परततांना गांवांतून सावकाश चालत जावें आणि ती कानीं पडते का पाहावें. तटाचे दगड आणखी शतकभर सहज राहतील. बोलीविषयीं तसें खात्रीनें सांगतां येत नाहीं.