शाळेच्या नोंदींची दुसरी प्रत कुठे ठेवावी?

२१ जून २०१२ रोजी मुंबईला मंत्रालयात आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झालेली आग वरच्या मजल्यांवर पसरली, माणसे दगावली आणि असंख्य फायली जळाल्या. ज्या कागदांची प्रत दुसऱ्या कार्यालयात किंवा संगणकावर होती, तेवढेच पुन्हा उभे करता आले. ती बातमी वाचताना मला आपल्या ऑफिसातले लोखंडी कपाट आठवले होते. टी. सी. असो की बोनाफाईड, जन्मतारीख आणि जातीची नोंद आपण त्याच कपाटातल्या प्रवेश रजिस्टरातून काढतो. आजोबांच्या नोंदीवर नातवाचे काम होते. आणि प्रत एकच.

बॅकअप म्हणजे प्रत, हे विद्यार्थ्यांना माहीत आहे. पण सकाळी दहाला प्रत काढली आणि दुपारी तीनला संगणक बिघडला, तर मधल्या पाच तासांचे काम गेले. यावरचा उपाय म्हणजे रिअल-टाइम रेप्लिकेशन. हे सॉफ्टवेअर फोल्डरवर सतत नजर ठेवते आणि फाईल बदलली की लगेच तो बदल दुसऱ्या ठिकाणच्या संगणकावर पाठवते. पूर्ण फाईल न पाठवता फक्त बदललेला भाग पाठवायची युक्ती ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकरस यांनी १९९६ साली ‘आरसिंक’मध्ये आणली. ते आजही फुकट मिळते.

यात दोन रीती आहेत. एकीत दुसऱ्या ठिकाणाहून पोच आल्याशिवाय काम पुरे झाले असे धरत नाहीत. दुसरीत काम पुढे चालते, प्रत थोड्या वेळाने पोचते. पहिलीत काहीच गमावत नाही, पण अंतर आडवे येते. काचेच्या तारेतून हजार किलोमीटर जाऊन परत यायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. आपल्याला तो काहीच नाही, शेअर बाजाराला फार आहे. म्हणून मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराने एक जोडकेंद्र जवळच ठेवले आणि दूरचे केंद्र चेन्नईला. तरीही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी जवळच्या दोन केंद्रांमधल्या टेलिकॉम तारा बिघडल्या, साठवण यंत्रणा अडली आणि सकाळी ११.४० पासून दुपारी ३.४५ पर्यंत व्यवहार बंद राहिले. त्या दिवशी कामकाज चेन्नईला हलवले गेले नाही. प्रत असणे वेगळे आणि वेळेवर तिच्यावरून काम चालवता येणे वेगळे.

आणखी एक गोष्ट पालकांना सहसा कोणी सांगत नाही. रेप्लिकेशन चूकही तितक्याच तत्परतेने पाठवते! आमच्या ऑफिसात एकदा हजेरीची यादी चुकून पुसली गेली आणि क्षणात दुसऱ्या संगणकावरूनही गेली. व्हायरसचेही तसेच. म्हणून रोजची जुनी प्रत वेगळी हवी, तीही संगणकापासून काढून ठेवलेली.

विश्वस्त मंडळींपुढे मी ठेवतो आहे ते एवढेच : सर्व रजिस्टरे स्कॅन करावीत, ऑफिसच्या फाईलींची चालू प्रत इंटरनेटवरून बाहेर जावी, आणि दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. एक शाळेत, दुसरी आदिलाबादला, दर शनिवारी बदलून. वर्षातून एकदा त्या डिस्कवरून एखादी टी. सी. काढून पाहावी.

स्कॅन होण्याआधी पालकांनी ऑफिसात येऊन आपल्या मुलाची नोंद वाचून जावी. नावातला काना-मात्रा किंवा तारीख चुकली असेल तर दुरुस्तीचा अर्ज आताच द्यावा, नाहीतर तीच चूक तिन्ही ठिकाणी जाऊन बसेल.