जोडीची लढत आणि वाया गेलेली मिनिटे

यात्रेतल्या कुस्तीच्या फडाला आपण सगळेच जातो. तोडीस तोड जोड लागली, की दहा गावांची माणसे गोळा होतात. याने त्याला चीत केले, त्याने तिसऱ्याला केले, मग खरा मल्ल कोणता, हा वाद पारावर दिवसच्या दिवस चालतो. असाच एक वाद १९९० च्या सुमारास इंग्लंडात मुष्टियुद्धावरून पेटला होता. त्याची हकिगत आज मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण तिचा शेवट रिंगणात झाला नाही. तो झाला इस्पितळात, मग कोर्टात, आणि शेवटी लंडनच्या रस्त्यावर.

मायकेल वॉटसन आणि ख्रिस युबँक हे ते दोघे. दोघांचाही जन्म लंडनमधला आणि दोघांचीही घराणी मूळची जमैका बेटावरची. पण स्वभाव मात्र दोन टोकांचे. वॉटसन शांत, देवभोळा आणि मोजके बोलणारा. युबँकचा सगळा थाटच न्यारा. एका डोळ्याला भिंग लावून, अंगात सरदारी पोशाख घालून तो हिंडे. लढतीला आला, की दोरावरून थेट रिंगणात उडी घेई आणि छाती काढून उभा राही. लोक त्याला हसत, शिव्याही देत, पण तिकिटे काढून त्यालाच बघायला येत.

त्या काळी नायजेल बेन नावाचा मोठा जबर ठोसेबाज इंग्लंडात गाजत होता. वॉटसनने त्याला १९८९ मध्ये सहाव्या फेरीत लोळवले. पुढच्याच वर्षी युबँकनेही त्याला नवव्या फेरीत हरवले. मग प्रश्न उरला तो एकच : या दोघांत वरचढ कोण?

२२ जून १९९१ रोजी लंडनमध्ये दोघे पहिल्यांदा भिडले. बारा फेऱ्या झाल्या. तीन पंचांपैकी दोघांनी कौल युबँकला दिला, तिसऱ्याने बरोबरी धरली. कितीएकांच्या मते हा निकाल चुकीचा होता. वॉटसनच जिंकला होता, असे ते म्हणत. साहजिकच दुसऱ्या लढतीची मागणी झाली आणि तीनच महिन्यांनी, २१ सप्टेंबरला, लंडनच्या व्हाइट हार्ट लेन या फुटबॉलच्या मैदानावर रात्री रिंगण उभे राहिले.

या खेपेला वॉटसन जोरात होता. एकेक फेरी तो पदरात पाडत होता. अकराव्या फेरीच्या शेवटी त्याने युबँकला खाली पाडले. सामना त्याच्या खिशात आला, असेच सगळ्यांना वाटले. पण युबँक उठला आणि उठताच त्याने खालून वर असा एक ठोसा हाणला, की वॉटसन मागे फेकला गेला आणि त्याची मान दोरावर आपटली. तेवढ्यात घंटा झाली. बाराव्या फेरीला वॉटसन उभा राहिला खरा, पण ठोसे चुकवण्याचे भान त्याला राहिले नव्हते. पंचाने लढत थांबवली. थोड्याच वेळात वॉटसन कोसळला.

खरी हकिगत इथून पुढे आहे. वॉटसनच्या कवटीच्या आत रक्त साकळत होते. अशा वेळी मेंदूवर दाब वाढत जातो, त्याला प्राणवायू पुरेसा मिळत नाही, आणि एकेक मिनिट मोलाचे ठरते. रिंगणाभोवती गोंधळ माजला होता. डॉक्टर त्याच्यापाशी पोचेपर्यंत सात-आठ मिनिटे गेली. जागच्या जागी श्वास सावरून धरण्याची व्यवस्था नव्हती. जवळच्या इस्पितळात नेईपर्यंत जवळपास अर्धा तास झाला, आणि तिथे मेंदूची शस्त्रक्रिया करण्याची सोय नव्हती. म्हणून त्याला पुन्हा हलवून सेंट बार्थोलोम्यू इस्पितळात न्यावे लागले. तिथे पीटर हॅम्लिन या शल्यविशारदाने त्याच्यावर उपचार केले. मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. चाळीस दिवस तो बेशुद्ध होता. पुढे कित्येक वर्षे चाकांच्या खुर्चीत गेली. बोलणे, लिहिणे त्याला नव्याने शिकावे लागले.

वॉटसनने युबँकला दोष दिला नाही. खेळात ठोसा बसणारच. पण ज्या मंडळाच्या नियमांखाली लढत झाली, त्या ब्रिटिश मुष्टियुद्ध नियामक मंडळाला त्याने कोर्टात खेचले. त्याचे म्हणणे साधे होते : मेंदूला इजा होऊ शकते हे मंडळाला ठाऊक होते, मग उपचारांची तयारी रिंगणापाशी का नव्हती? १९९९ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला आणि २००० मध्ये वरच्या कोर्टानेही तोच कायम केला. खेळाचे नियम करणाऱ्यावर खेळाडूच्या जिवाचीही जबाबदारी येते, हे त्या निकालाने पक्के झाले.

मंडळाने आपले नियम त्याआधीच कडक केले होते. त्याचा गुण १९९८ मध्ये दिसला. स्पेन्सर ऑलिव्हर हा तरुण मुष्टियोद्धा लंडनमध्ये असाच रिंगणात कोसळला. पण त्याच्यावर जागीच उपचार सुरू झाले, तातडीने शस्त्रक्रिया झाली आणि तो चांगला बरा झाला. वॉटसनला जे मिळाले नाही, ते त्याच्यामुळे दुसऱ्याला मिळाले.

आणि वॉटसन? एप्रिल २००३ मध्ये तो लंडन मॅरेथॉनला उभा राहिला. धडधाकट माणसे ते ४२ किलोमीटर काही तासांत धावतात. वॉटसनला सहा दिवस लागले. रोज थोडे चालायचे, थांबायचे, पुन्हा चालायचे. मेंदूच्या रुग्णांसाठी त्याने त्यातून निधी उभा केला. शेवटच्या टप्प्यात त्याच्या एका बाजूला डॉक्टर हॅम्लिन होते आणि दुसऱ्या बाजूला चालत होता ख्रिस युबँक. त्या रात्रीनंतर समोरच्याला संपवण्याची ईर्ष्याच आपल्यात उरली नाही, असे युबँकने पुढे सांगितले आहे.

मंडळी, डोक्याचा मार फक्त रिंगणात बसत नाही. झाडावरून पडणे, बैलाने उडवणे, मोटरसायकल घसरणे हे आपल्याकडचे रोजचे आहे. अशा माणसाला ओकारी झाली, तो बरळू लागला, पेंगू लागला, तर 'झोपला की बरा होईल' म्हणून वाट पाहू नका. १०८ ला फोन करा आणि मेंदूच्या उपचारांची सोय कुठे आहे ते तिथेच विचारा. आणि गावच्या फडाची पट्टी गोळा करताना बक्षिसाच्या रकमेआधी डॉक्टर आणि गाडी ठरवा. वॉटसनची जी मिनिटे वाया गेली, ती त्याच्या नशिबाने गेली नव्हती. आधी तयारी केली नाही, म्हणून गेली.