विमानाच्या तिकिटावरची वेळ कशी वाचायची?

आपल्याकडे किती तरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात कामाला आहे. मुलगा, दीर, जावई. आता मुलीही जातात. मोबाईलवर तिकीट येतं आणि घरात प्रश्न सुरू होतात. किती लांब? पोचणार कधी? अजून फोन कसा नाही? म्हणून आज आम्ही मुंबई ते दुबई हा प्रवास समजावून सांगणार आहोत.

मुंबई ते दुबई हवाई अंतर आहे सुमारे १,९३० किलोमीटर. मोठं प्रवासी विमान तासाला ८०० ते ९०० किलोमीटर जातं. या हिशोबाने सव्वादोन तास पुरायला हवेत. पण तिकिटावर तीन-सव्वातीन तास लागतील असं दिसतं. कारण विमान धावपट्टीपर्यंत हळू जातं, वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय उंचावर वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो. दुबईला जाताना तो समोरून लागतो, परतताना पाठीशी असतो. म्हणून येताना थोडा कमी वेळ लागतो.

आता घड्याळाचं बघू. दुबईचं घड्याळ आपल्या दीड तास मागे असतं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची आणि पोचण्याची वेळ दुबईची असते. समजा, पहाटे ४ ला निघून ५:४५ ला पोचणार असं लिहिलंय. पावणेदोन तासांत कसं पोचणार? त्यात दीड तास मिळवा. झाले सव्वातीन तास. म्हणजे ते उतरतील तेव्हा आपल्याकडे सव्वासात वाजलेले असतील. पुढे पासपोर्टची तपासणी, सामान घेणं यात तासभर सहज जातो. आपलं सिमकार्ड तिकडे लगेच चालेलच असं नाही. तेव्हा नऊपर्यंत फोन आला नाही तरी जीव टांगणीला लावू नका.

सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे तारीख. तिकिटावर '१५ तारीख, ००:३०' असं असेल, तर ते विमान १४ तारखेच्या रात्री बारा वाजून गेल्यावर अर्ध्या तासाने सुटतं. परदेशी जाताना तीन तास आधी पोचायचं असतं, म्हणजे १४ तारखेलाच रात्री साडेनऊला विमानतळावर हजर हवं. १५ च्या रात्री गेलात, तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं आणि तिकिटाचे बरेचसे पैसे बुडतात. हे पैसे कित्येकदा कर्जाऊ काढलेले असतात.

घरून निघण्याचा हिशोबही उलटा मांडा. रत्नागिरीहून मुंबईला यायला विमानप्रवासाच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. घाटात, महामार्गावर गाडी अडकू शकते, तेवढी सवड ठेवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत कुणाचं तरी जुनं तिकीट आणा. निघण्याची तारीख, दोन्हीकडच्या वेळा आणि घरून निघण्याची वेळ प्रत्येकीने स्वतः वहीत काढून बघा.