राजधानी बघायला जायचंय? मग रायगड असा बघूया

भातकापणी उरकली, झोडणी झाली, पेंढा रचून झाला, की गटाच्या बैठकीत सहलीचा विषय निघतोच. कुणी कोल्हापूर म्हणतं, कुणी गणपतीपुळे. यंदा आम्ही रायगड सुचवतो. देवदर्शन झालं, फोटो काढले आणि परत फिरलो, असं मात्र तिथं करायचं नाही. राजधानी कशी असते, ती कुणाच्या कष्टावर उभी राहते, हे नीट बघून यायचं.

राजधानी म्हणजे राज्याचं घर. घराला जे लागतं तेच तिला लागतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. राखण हवी, पाणी हवं, धान्य हवं, बाजार हवा, माणसांचे तंटे सोडवायला जागा हवी. चीनमधल्या बीजिंग शहरात सम्राटांचा मोठा राजवाडा आहे, तो 1420 साली बांधून पुरा झाला. ती जागा सपाटीवरची. म्हणून त्याच्याभोवती उंच भिंत आणि रुंद खंदक करावा लागला. रायगडाला डोंगराचा तुटलेला कडाच राखण करतो. सुमारे 2,700 फूट उंची, चारी बाजूंनी दऱ्या आणि चढायला अवघड वाट. या डोंगराचं जुनं नाव रायरी. शिवाजी महाराजांनी तो 1656 साली चंद्रराव मोऱ्यांकडून घेतला, पुढे राजगडावरची राजधानी इथं आणली आणि 6 जून 1674 रोजी इथंच त्यांचा राज्याभिषेक झाला.

आता गडावर काय बघायचं ते क्रमानं सांगतो.

पहिलं पाणी. इतक्या उंचावर शेकडो माणसं, हत्ती, घोडे राहायचे. त्यांना पाणी कुठलं? गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त, कोळी तलाव अशी तळी आणि खडकात खोदलेली टाकी तिथं आहेत. किल्ल्यांवर रीतच अशी की, बांधकामाला दगड जिथून काढायचा तिथंच पाण्याची जागा करायची. एका कष्टात दोन कामं! गडाचं बांधकाम हिरोजी इंदुलकरांनी केलं. जगदीश्वराच्या देवळापाशी त्यांचा शिलालेख आहे. गडावर काय काय बांधलं त्याची यादी त्यात आहे आणि त्या यादीत महालांच्या आधी विहिरी-तळी येतात. आपल्याकडे पावसाळ्यात 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, तरी चैत्र-वैशाखात हंडे घेऊन चालावं लागतं ते आपल्यालाच. म्हणून गंगासागराच्या काठावर थोडं थांबा. पडलेला पाऊस अडवून ठेवायचा विचार साडेतीनशे वर्षांपूर्वी डोंगराच्या माथ्यावर झाला होता. आपल्या वाडीत तो कुठं करता येईल, हे गटानं तिथंच बसून बोलावं.

दुसरं बायकांच्या राहण्याची जागा. रोपवेनं वर गेलं की मेणा दरवाजा जवळ पडतो. राण्यांचे मेणे इथून जात, म्हणून हे नाव. पुढे राणीवशाची जोती ओळीनं दिसतात. या दालनांना जोडून दगडी शौचकूप केलेले आहेत. ते बघून हसू नका. सहलीला निघालं की आपल्यातल्या कितीजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत? वाटेत सोय नसेल, ही भीती. त्यातून डोकं दुखतं, लघवीची जळजळ होते. तेव्हा गाडी ठरवतानाच, कुठं कुठं थांबायचं आणि तिथं स्वच्छतागृह आहे का, हे विचारून घ्यावं. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तिसरं राजसभा. नगारखान्यापासून सिंहासनाच्या जागेपर्यंतचं अंतर साधारण 200 फूट. एका टोकाला हळू बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू येतं. दोघीजणींनी करून बघाच. दरबारात आलेल्या माणसाचं म्हणणं पोचावं अशी ही बांधणी.

चौथं बाजारपेठ. समोरासमोर दुकानांच्या दोन लांब रांगा, उंच जोती आणि मध्ये रुंद रस्ता. बाजाराला लागणारा माल खालच्या गावांतूनच वर चढायचा. हिरकणी बुरुजाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. दूध विकायला आलेली गवळण, बंद झालेले दरवाजे, घरी तान्हं बाळ आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. ही लोककथा आहे. पण डोक्यावर दूध घेऊन रोज गड चढणाऱ्या बायकांशिवाय राजधानी चालली नसती, हे त्या गोष्टीनं बरोबर ध्यानात ठेवलं.

आणि पायथ्याचं पाचाड चुकवू नका. जिजाबाईंचा वाडा तिथं होता आणि त्यांची समाधीही तिथंच आहे. मुलाचा राज्याभिषेक डोळ्यांनी बघितला आणि अकराच दिवसांनी, 17 जून 1674 ला त्या गेल्या.

आता एक गोष्ट, जी आपण संगमेश्वरच्या बायकांनी तरी विसरू नये. या राजधानीची शेवटची राखण आपल्या तालुक्यातल्या लेकीनं केली. प्रचितगडाच्या पायथ्याचं शृंगारपूर हे येसूबाईंचं माहेर, पिलाजी शिर्के त्यांचे वडील. 1 फेब्रुवारी 1689 रोजी संभाजी महाराजांना इथं, आपल्या संगमेश्वरात मोगलांनी पकडलं, आणि 11 मार्चला ठार मारलं. त्या वेळी येसूबाई रायगडावर होत्या, सोबत लहानगा शाहू. आपल्या मुलाला गादीवर बसवा, असा हट्ट त्यांनी धरला नाही. दीर राजाराम महाराजांना पुढे केलं आणि त्यांनी गडाबाहेर पडावं असा सल्ला दिला. सगळेच एका जागी सापडले असते तर राज्यच संपलं असतं. राजाराम महाराज निसटले, पुढे जिंजीला गेले. वेढा मात्र येसूबाईंनी सोसला. त्याच वर्षी नोव्हेंबरात गड पडला आणि मायलेक कैदेत गेले. शाहू महाराज 1707 ला सुटले. येसूबाई परत आल्या त्या 1719 ला, तीस वर्षांनी. राजसभेत उभ्या राहाल तेव्हा राज्याभिषेक आठवेलच, पण हा निर्णयही आठवा.

आज तिथं जोतीच का दिसतात, असं मुलं विचारतील. मे 1818 मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा डागल्या, तेव्हा महाल जळाले. उरलं ते दगडी काम. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यात रायगड आहे, आणि आपल्या जिल्ह्यातला सुवर्णदुर्गही.

जायचं कसं? चिपळूण, खेड, पोलादपूर करत महाड गाठायचं. तिथून पाचाड साधारण 25 किलोमीटर. नेहमीच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. मोठा गट असेल तर स्वतंत्र गाडीसाठी आगारात आधी चौकशी करावी. चढायला चौदाशेहून अधिक पायऱ्या आहेत. गुडघेदुखी, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी हिरकणीवाडीतून रोपवेनं जावं. पावसाळ्यात दरडींची आणि निसरड्याची भीती, वैशाखात ऊन, म्हणून मार्गशीर्ष ते माघ हे दिवस बरे. प्रत्येकीकडे पाणी, भाकरी, टोपी किंवा पदर, रोजची औषधं हवीत. टकमक टोकाला वारा फार असतो. मुलांचे हात सोडू नका. प्लास्टिक परत आणा.

ज्यांना इतक्या लांब जमणार नाही त्यांनी आधी दारातलं बघावं. आपलं संगमेश्वर हीसुद्धा चालुक्यांच्या कर्ण राजाची राजधानी होती, असं परंपरा सांगते. कसब्याचं कर्णेश्वराचं दगडी देऊळ एका दुपारी बघून होतं, आणि शृंगारपूर एका दिवसात. लेकींनाही बरोबर न्या. आपल्या मातीतली एक बाई राजधानी कशी सांभाळून गेली, हे त्यांना शाळेच्या पुस्तकाआधी आपल्या तोंडून कळू दे.