भिंतीपलीकडचा खोकला आणि तीन ओळी

आरोग्याच्या पानावर कविता कशाला, असे वाटेल. यंदाच्या वर्षावासात परळ-नायगावच्या आमच्या विहारात दर रविवारी ग्रंथवाचन संपले की आम्ही हायकू लिहितो. एक शब्द ठरतो. आठवडाभर प्रत्येकीने डोळे-कान उघडे ठेवायचे आणि तीन ओळी आणायच्या. वही नसली तर औषधाच्या पाकिटामागे लिहिले तरी चालते.

हायकू मूळचा जपानचा. अक्षरांची मोजणी पाच, सात, पाच. मराठीत तो रुजवला शिरीष पै (१९२९-२०१७) यांनी. १९५६ साली दादर चौपाटीवर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देताना भाषण करणारे आचार्य अत्रे, त्यांच्या या कन्या. जपानात एकाने तीन ओळी म्हणायच्या, दुसऱ्याने दोन जोडायच्या, अशी साखळी चाले. तिची पहिली कडी सुटी झाली, तोच हायकू. जात्यावर एकीची ओवी दुसरी पुढे न्यायची, तसेच हे.

पहिल्या रविवारी आम्हीच चुकलो. अक्षरे मोजायला लावली आणि अर्ध्या बाया गप्प झाल्या. उरलेल्यांनी घोषणा लिहून आणल्या! मग मोजणी सोडली. दिसले, ऐकू आले तेवढेच लिहा, एवढाच नियम ठेवला. ‘पाणी’वर एका आजींनी लिहिले:

नळाला पाणी
पहिला हंडा माझा
मी अजून जिन्यात

‘रात्र’ या शब्दाला कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने आणले:

भिंतीपलीकडे रात्रभर खोकला
पहाटे
भांड्यांचा आवाज

सगळ्या थांबल्या. नर्स म्हणून आम्ही वर्षानुवर्षे घरोघरी विचारत आलो, ‘दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला कुणाला?’ उत्तर ठरलेले, ‘नाही ताई.’ क्षय म्हटले की काम सुटते, सोयरीक मोडते; बाई तोंडाला पदर लावून खोकते. चारचौघींत नाव विचारले नाही. नंतर त्या मुलीबरोबर त्या घरी गेलो. सुनेची थुंकी तपासली, क्षयच निघाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घेतली. पालिकेच्या दवाखान्यातून गोळ्या सुरू आहेत. औषध फुकट, साध्या क्षयाला सहा महिने, आणि आहारासाठी खात्यात दरमहा १,००० रुपये. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि तिथेच गोळ्या सुटतात. तसे करू नका. पुढे तोच क्षय औषधाला दाद देत नाही.

‘हायकू’ हे नाव रूढ करणारे कवी मासाओका शिकी स्वतः क्षयाने गेले, १९०२ साली, पस्तिशीही न गाठता. खोकल्यातून रक्त पडले तेव्हा त्यांनी हे टोपणनाव घेतले. शिकी म्हणजे कोकिळेच्या जातीचा एक पक्षी; गाताना त्याच्या गळ्यातून रक्त येते, अशी तिकडची समजूत. शेवटची वर्षे अंथरुणात गेली, तरी मित्र उशाशी जमत आणि कविता चालत. तेव्हा क्षयावर औषध नव्हते.

ती सून गेल्या रविवारी विहारात आली, दाराजवळ बसली. हे तिला विचारूनच छापले आहे. लिहिले तिने अजून काही नाही, पण येत्या रविवारचा शब्द तिनेच सुचवला: खिडकी.