हळू ऐकायचा स्पीकर

स्पीकर घ्यायला गेलो की दुकानदार आवाज मोठा करूनच दाखवतो. आपण मात्र ऐकणार रात्री, बाळ झोपलेलं असताना. म्हणून दुकानातच आवाज अगदी बारीक करायला सांगावा आणि गाणं नव्हे, बातम्या लावाव्यात. स आणि श वेगळे कळले, तर तो स्पीकर कामाचा. वॅटच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आवाज कमी केला की डग्ग्याचा घुमारा आपल्या कानाला आधी ऐकू येईनासा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी अमेरिकेत १९३३ सालीच हे मोजून दाखवलं. तेव्हा गाणं पोकळ वाटलं, तर स्पीकर बिघडलाय असं समजू नये. गाण्यापुरता 'बास' थोडा वाढवावा. बोलणं ऐकताना नको, शब्द गुरफटतात. स्पीकर फळीवर, बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असा ठेवावा आणि जवळ बसावं.